हायवे दारात आहे, पण स्टेअरिंगची घाई नको

बीडहून धाराशिवकडे निघालं आणि मांजरसुंबा मागे पडला की चौसाळा येतं. धुळे–सोलापूर महामार्ग, जुना २११ आणि आताचा ५२, या गावाच्या अंगावरून जातो. इथली पोरं आवाजावरून गाडी ओळखतात. म्हणूनच दहावीचा निकाल लागला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एका घरात, "काही नाहीच जमलं तर ड्रायव्हर होईल." दुसऱ्या घरात, "काहीही कर, पण गाडीवर जाऊ नको." दोन्ही घरांना वाहतूक म्हणजे फक्त ड्रायव्हरची सीट वाटते, आणि त्या सीटवर बसायला काय लागतं हे दोघांनीही नीट विचारलेलं नसतं.

असाच एक बाप गेल्या वर्षी मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला आला. मुलगा सोळाचा, दहावीत बावन्न टक्के. चुलत्याच्या ट्रकवर सुट्टीत क्लीनर म्हणून जायचा. मी विचारलं, टायरमधली हवा कशी बघतोस? तो लगेच खुलला. "टॉमी मारायची, सर. भरलेला टायर टण्णकन उडवतो, उतरलेला धप्प बोलतो." गणितात नापास होता होता वाचलेल्या या पोराचे कान तयार होते. वडील मात्र म्हणाले, "ट्रॅक्टर तर तो आतापासूनच हाणतो, सर. उसाच्या ट्रॉल्यांसकट."

ते कौतुकानं सांगत होते आणि माझ्या पोटात गोळा आला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती गावात फारशी कुणी सांगत नाही. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. शिवाय त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्याला गाडीवरच पोट भरायचं आहे, त्याच्या हातून कमावती सुरुवातीची वर्षं निघून जातात. एका ट्रॉलीपायी.

तेव्हा वयाचा हिशेब आधी मांडा. चारचाकीचं लायसन्स १८ पूर्ण झाल्यावर. भाड्याची, म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला २० पूर्ण हवीत, आणि त्यासाठीचं शिकाऊ लायसन्स काढायच्या आधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं असावं लागतं. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या लायसन्सवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या वरच्या गाडीला मात्र ट्रान्सपोर्टचंच लायसन्स हवं. ते नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली हे खरं आहे. पण एसटीत चालक-वाहक व्हायचं तर दहावी लागते, जड वाहनाचं लायसन्स लागतं, बिल्ला लागतो, उंची आणि अनुभवाची अटही बघितली जाते. एसटीत आता मुलीही चालक म्हणून येत आहेत, हे मुलींच्या आईबापांनी लक्षात ठेवावं.

दहावीनंतर १६ ते २० ही चार वर्षं क्लीनर म्हणून केबिनमध्ये घालवायची की आयटीआयमध्ये, खरा निर्णय इथे आहे. माझं मत आयटीआयच्या बाजूनं आहे. मेकॅनिक डिझेलचा ट्रेड एक वर्षाचा, मेकॅनिक मोटार व्हेइकलचा दोन वर्षांचा. पुढे एसटीच्या आगारांत किंवा चिकलठाणा, दापोडीच्या कार्यशाळांत अप्रेंटिस म्हणून जाता येतं. ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलची पदविका केली, तर एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षकाची वाट उघडते. ज्या आरटीओत लायसन्ससाठी रांग लावली, तिथल्याच टेबलापलीकडे बसता येतं.

रेल्वेबद्दल आता बीड जिल्ह्यात नव्यानं विचारणा होते. साहजिकच आहे. १९९५ साली मंजूर झालेल्या नगर–बीड–परळी मार्गावर बीडपर्यंत गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. सहायक लोको पायलटसाठी दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय, किंवा इंजिनिअरिंगची पदविका लागते. परीक्षेआधी मात्र डोळे तपासा. चष्म्याशिवाय ६/६ नजर हवी, रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, आणि लेसरनं चष्मा घालवलेला असला तरी बाद करतात. त्या मुलाला मी बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याला चार पानांवर दिसलेच नाहीत. सौम्य रंगांधत्व. बाप गप्प झाला, पण दोन वर्षांच्या क्लासची फी भरल्यावर हे कळलं असतं तर? लायसन्सचं दार त्याला बंद झालेलं नाही. सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना ते २०२० पासून मिळतं.

हिशेबात हुशार, पण गाडीची हौस नसलेली मुलंही या धंद्यात लागतात. ट्रान्सपोर्ट ऑफिसात, भिवंडीच्या गोदामांत, न्हावाशेवा बंदराच्या आसपास. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. गाडी वाटेत बंद पडली आणि बिलाची मुदत संपली, तर वेळेत ती वाढवून घेणारा कारकून मालकाला मोठ्या दंडातून वाचवतो. बारावी कॉमर्स, संगणक आणि फोनवर नीट बोलणं, एवढ्यावर सुरुवात होते.

आता पालकांची खरी भीती. गाडीवर झोप मोडते, जेवणाची वेळ राहत नाही, व्यसन लागतं. ही भीती खोटी नाही आणि ती मी खोडून काढणार नाही. १९६१ च्या कायद्यानं मोटार कामगाराला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. हायवेवर ती किती पाळली जाते हे चौसाळ्याच्या कुठल्याही ढाब्यावर रात्री दोन वाजता दिसतं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे चांगलंच आहे, पण एसीनं झोप भरून निघत नाही. म्हणून मालक निवडताना पगाराच्या आधी विचारा: लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर असतो का? पीएफ कापता का? गाडीचं फिटनेस आणि विमा चालू आहे का?

आणि विसाव्या वर्षी जमीन गहाण टाकून ट्रक काढून देऊ नका. हप्ता, डिझेल, टायर, टोल, विमा हे सगळं भाडं मिळो न मिळो भरावंच लागतं. नवीन गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. निदान तीन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढली की कुठल्या मालाला परतीचं भाडं मिळतं आणि कुठून रिकामं यावं लागतं हे कळतं.

तो मुलगा सध्या मोटार व्हेइकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अठरा पूर्ण व्हायला थोडे महिने आहेत. परवा फोनवर सांगत होता, इंजिन सुरू करून नुसत्या आवाजावर कुठला इंजेक्टर मार खातोय ते ओळखलं, आणि मास्तरांनी उघडून बघितलं तर तोच निघाला. ट्रॅक्टरची चावी वडील आता उशाखाली घेऊन झोपतात.