जुन्या सँट्रोचा टाकीतला पंप

प्रश्न : माझी २००६ ची सँट्रो उन्हात चालता चालता बंद पडते, गार झाली की सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, टाकीतला पेट्रोल पंप गेला. नुसती मोटर बदलू की सगळंच?

उत्तर : आधी खात्री करा, कारण हेच लक्षण क्रँक सेन्सरचंही असतं. बंद पडल्याबरोबर चावी फिरवा. मागच्या सीटखालून क्षणभर गुणगुण ऐकू आली नाही, तर फ्यूज, रिले आणि पंपाच्या प्लगवरचा करंट तपासून घ्या. गंजलेल्या अर्थिंगपायी चांगले पंप भंगारात जातात. करंट पोहोचतोय, तरी पंप मुका? मग मोटर बदला.

सोबत जाळी, फिल्टर आणि झाकणाचं रबरी सील नवं घाला. आतला होजचा तुकडा पेट्रोलात बुडून राहण्यासाठीच बनवलेला हवा. साधा फुगतो आणि निसटतो. इथे पैसे वाचवू नका. काम मोकळ्या हवेत, टाकी पावच्या खाली असताना. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं की लाईनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. झाकणावरची धूळ आधी पुसा, नाहीतर ती थेट टाकीत.

आणि रोज रिझर्व्हवर गाडी हाकत असाल, तर ते सोडा. हा पंप पेट्रोलनेच गार राहतो.