साबणाच्या वडीवरील पांढरा थर

महिला मंडळात किंवा शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला थंड पद्धतीने केलेला साबण साच्यातून काढला की पुष्कळदा त्यावर पिठीसारखा पांढरा थर आढळतो. 'सोडा वर आला' असे समजून सारा माल बाजूला टाकला जातो आणि तेलाचा खर्च अंगावर पडतो. वास्तविक हा थर व मालातील खरा दोष यांत फरक आहे.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग पूर्ण होण्यास एक-दोन दिवस लागतात. त्या अवधीत पृष्ठभागावरील मोकळ्या सोड्याचा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, तयार होतो. पाणी अधिक झाले, मिश्रण पातळ असतानाच साच्यात ओतले किंवा साचा उघडा राहिला, तर थर जाड येतो. मिश्रण पळीवरून सोडल्यास त्याची रेघ वर उमटून राहावी, इतके दाट झाल्यावरच ओतावे व साचा लगेच झाकावा. आलेला थर सुरीने खरवडला की आतील वडी उपयोगाची असते.

खरा धोका निराळा आहे. वडी मधोमध कापून ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकावा. गडद गुलाबी रंग आल्यास आत सोडा मोकळा आहे. असा साबण कातडी भाजतो व तो विकता कामा नये. याचे मूळ बहुधा अंदाजाने घेतलेल्या मापात असते. एक किलो खोबरेल तेलास शुद्ध कॉस्टिक सोडा सुमारे १८३ ग्रॅम लागतो. सुरक्षिततेसाठी १७४ ग्रॅमच घ्यावा. करंज, कडुनिंब वा मोहाच्या तेलास प्रमाण कमी लागते. खोबरेलचे माप त्यांना लावू नये. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे तर वर्ज्यच. सोडा ते खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वडीवर जे थेंब दिसतात ते तेल नव्हे. साबणात राहिलेले ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते, एवढेच. नारिंगी डाग मात्र खवट तेलाचे किंवा लोखंडी, तांब्याच्या भांड्यांच्या संसर्गाचे असतात. ते खरवडून जात नाहीत. वड्या फळीवर सुट्या मांडून चार ते सहा आठवडे वाळवाव्यात आणि मगच कागदात गुंडाळाव्यात.