श्रमाचे तास व विसाव्याचा दिवस

मनुष्याने दिवसास किती तास राबावे, हे सर्व देशांत एकसारखे ठरलेले नाही. ते कसे ठरत गेले व आम्हां खेडेकऱ्यांचा त्याशी काय संबंध आहे, हे ह्या पाठात पाहू.

१. विसावा मागावा लागला. मुंबईच्या गिरण्यांत प्रारंभी आठवड्याची ठरलेली सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे घराणे आपल्या पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. त्यांनी सन १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडिला. मागणे केवढे? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. तेथे दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार आम्हांस उपासनेचा दिवस, तर त्यांतील पुष्कळांस खंडोबाचा वार. परंतु थकलेली पाठ दोघांची सारखीच.

२. देशादेशांतील भेद. इंग्लंडात १८४७ च्या कायद्याने गिरणीतील स्त्रिया व मुले ह्यांस दहा तासांची मर्यादा मिळाली. आपल्याकडे १८९१ मध्ये स्त्रियांस अकरा तास ठरले. गिरणीतील पुरुषांस बारा तासांची मर्यादा मिळावयास १९११ साल उजाडले. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने कारखान्यांसाठी आठवड्यास ४८ तास ठरविले, पण हिंदुस्थानास ६०! येथील मजूर सावकाश काम करितो, असे मालक सांगत. जो बारा तास उभा राहील, तो मधून रेंगाळल्यावाचून कसा राहील? ४८ तासांचा नियम येथे १९४६ मध्ये आला. फ्रान्सात आज कायद्याचा आठवडा ३५ तासांचा आहे. जपानात तो ४० तासांचा असूनही अतिश्रमाने माणसे मरू लागली, म्हणून २०१४ मध्ये निराळा कायदा करावा लागला. ह्यावरून दिसते की, कायदा हवाच. परंतु मालकाचे मन न पालटल्यास तो अपुरा पडतो.

३. आपल्या दारी. कारखान्याचा कायदा शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नाही. पेठ व सातगाव पठारावर बटाट्याची काढणी निघाली, म्हणजे मजूर बाईचा दिवस कोठे सुरू होतो? पाणी, चूल व भाकरी उरकून ती रानात येते. सांजवेळी परतल्यावर पुन्हा चूल. हे तास कोणी मोजिले आहेत? चौथी आज्ञा केवळ आमच्या विसाव्याविषयी नाही. दास, दासी, बैल व वेशीच्या आत राहणारा परका ह्यांसही विसावा मिळावा, असे ती घरधन्यास बजाविते. आम्ही मंदिरात बसावे व आमच्या गड्याने तेव्हा आमचे रान नांगरावे, हे आज्ञापालन नव्हे. तसेच, सुटीच्या नावाखाली त्याची मजुरी कापिली, तर तो विसावा नव्हे, उपास होय.

मनन करावयाचे प्रश्न :
(१) आपल्या कामावरील माणसास दुपारी सावलीत बसावयास किती वेळ मिळतो?
(२) विसाव्याच्या दिवशी आपल्या घरातील स्त्रियांचे कोणते काम पुरुषांनी उचलावे?
(३) सालगड्यास आठवड्याची सुटी मजुरी न कापता देण्याचा ठराव आपल्या मंडळीस करिता येईल काय?

उपदेशकांनी तिसरा प्रश्न मंडळीच्या सभेपुढे अवश्य ठेवावा.