लघुउद्योजकाची शिल्लक : सदनिका की नवे यंत्र?

वसई रोड स्थानक आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांच्या दरम्यान गोखिवरे वसले आहे. येथील औद्योगिक गाळ्यांत छोटे कारखाने चालतात आणि सभोवार निवासी इमारती उभ्या राहतात. त्यामुळे वर्षाअखेर चार पैसे शिल्लक राहिले की ते सदनिकेत गुंतवावेत की धंदा वाढवावा, हा प्रश्न येथील लघुउद्योजकापुढे सहजच उभा राहतो.

समजुतीसाठी एक हिशेब पाहू. शिल्लक १५ लाख रुपये आहे असे मानू. ३० लाखांची सदनिका घेतल्यास उरलेल्या १५ लाखांच्या कर्जावर, ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरता, मासिक हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो. भाडे ८,००० मिळाले तर ५,५०० रुपयांची तूट दरमहा कारखान्यानेच भरावयाची. मुद्रांक शुल्क व देखभाल खर्च निराळाच. धंद्यात मंदी आली तरी हप्ता थांबत नाही, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात विसरली जाते.

आता ११ लाखांचे यंत्र घेतले असे समजू. त्यावर दरमहा २ लाखांचा माल तयार होतो; कच्च्या मालास १ लाख, मजुरी, वीज इत्यादींस ६० हजार लागतात. उरलेल्या ४० हजारांतून यंत्राचा घसारा सुमारे ९ हजार वजा करावा. विक्रीचे पैसे दोन महिन्यांनी मिळत असतील तर ३ लाख २० हजार रुपये सतत अडकून राहतात. म्हणून सर्व शिल्लक यंत्रात घालणे घातक ठरते. मागणी निम्मी झाली तर कच्च्या मालाचा खर्च निम्मा होईल, मजुरी मात्र होणार नाही. घसारा न धरताही १० हजारांचा तोटा येईल. तेव्हा यंत्रापूर्वी मागणीची खात्री हवी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. त्याचा आधार घेण्यास उद्योजक कचरतात, हे खेदजनक होय.

स्थावर मालमत्ता बुडत नाही, हा समजही तपासावा. नालासोपारा पूर्व येथे आरक्षित जमिनीवरील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या आणि तेथील कुटुंबे बेघर झाली. बांधकाम परवानगी, अकृषिक आदेश व भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज विसार देऊ नये.

भाड्याच्या गाळ्यात काम करणाऱ्यास मात्र तिसरा मार्ग असतो. स्वतःचा गाळा घेतल्यास आज भाड्यापोटी जाणारी रक्कम हप्त्याकडे वळते आणि गाळा रिकामा करण्याची टांगती तलवार राहत नाही. तथापि कागदपत्रांची तपासणी गाळ्यासही तितक्याच काटेकोरपणे लागू आहे. सातबारा उतारा आणि महानगरपालिकेतील मंजूर नकाशा ताडून पाहण्यास फार दिवस लागत नाहीत.