बेडकांच्या अभ्यासात करिअर होते का?

“बेडकं मोजून पोट भरणार का?” मुलाने किंवा मुलीने प्राणिशास्त्र घ्यायचे म्हटले की घरात हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. उत्तर ‘हो’ असेच आहे, पण वाट लांबची आहे.

काम नेमके काय?

पहिल्या दमदार पावसानंतर त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडच्या भातखाचरांत बुलफ्रॉगचे नर पिवळेधमक होतात, गळ्याखालच्या निळ्या पिशव्या फुगवून माद्यांना साद घालतात. अभ्यासकाचे काम तेव्हा सुरू होते. रात्री ओढ्याकाठचे ठरावीक अंतर चालायचे, हेडटॉर्चच्या उजेडात दिसलेला प्रत्येक बेडूक नोंदवायचा, आवाज रेकॉर्ड करायचा, पाण्याचे तापमान घ्यायचे. पुढच्या आठवड्यात तेच, पुढच्या वर्षीही तेच. डबके आटण्याआधी टॅडपोलला पाय फुटावे लागतात. पावसाने दडी मारली तर डबक्यातली सगळी पिल्ले मरतात. म्हणून एका पावसाळ्याच्या मोजणीवर निष्कर्ष काढता येत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदींनाच किंमत असते.

ही किंमत आज वाढली आहे. २०२३च्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे ४१ टक्के उभयचर प्रजाती धोक्यात आहेत. आपल्याकडे मात्र अजून नव्या प्रजाती सापडत आहेत. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले डॉ. आनंद पाध्ये यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये आंबोलीतला ‘इंडिराना चिरावासी’ हा बेडूक जगासमोर आणला. जांभ्या दगडाच्या भेगांत राहणारा हा बेडूक एका पदवी महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने शोधला, हे लक्षात घ्या.

शिक्षण

बारावीला जीवशास्त्र, मग प्राणिशास्त्रात बी.एस्सी. नाशिकमध्ये केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके महाविद्यालयात ही सोय आहे. पुढे एम.एस्सी.साठी पुणे विद्यापीठ, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस). संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष नको. नोंदींतून निष्कर्ष काढता आला नाही तर त्या वहीतच राहतात.

पैसा आणि नोकरी

सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. पुढे महाविद्यालयात अध्यापन, भारतीय प्राणी सर्वेक्षण (त्याचे केंद्र पुण्यातही आहे), बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (बीएनएचएस) संस्था आणि प्रकल्पांचे पर्यावरणीय सर्वेक्षण असे पर्याय आहेत. वन विभागात जायचे तर एमपीएससीची तयारी बी.एस्सी.नंतर लगेच सुरू करता येते. जागा थोड्या आणि सुरुवातीचे काम बहुधा कंत्राटी, हेही खरे.

पालकांसाठी

रात्रीच्या कामाची काळजी वाटणे साहजिक आहे. गमबूट, टॉर्च, सोबती आणि वाटा माहीत असलेला गावकरी, यांशिवाय ओढ्यावर जायचे नाही, हा नियम घरातूनच घालून द्या. फुरसे, घोणस हे साप याच काळात वावरतात. राखीव जंगलात वन विभागाची परवानगी लागते. घरखर्चाचा भार पदवीनंतर लगेच मुलांवर पडणार असेल, तर बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेचा पर्याय हाताशी ठेवा.

विद्यार्थ्यांसाठी

पदवीची वाट पाहू नका. घराजवळचे एक डबके निवडा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला जा. तारीख, वेळ, पाऊस, प्रजाती, संख्या एवढेच लिहा आणि एकही बेडूक दिसला नाही तर शून्यही लिहा. बेडूक हातात धरू नका. सप्टेंबरनंतरही वहीची ओढ टिकली, तर आईबाबांपुढे ती वही ठेवा आणि प्राणिशास्त्राला बिनधास्त प्रवेश घ्या.