कूपरेजचे मैदान

नंदुरबारहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. सातपुड्याच्या कुशीतील पाड्यांवरून तर ती त्याहूनही दूर वाटते. असे असूनही १५ सप्टेंबर २०१७ या दिवशी एका चेंडूने ही दोन टोके जोडली. सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा त्या वर्षी प्रथमच भारतात भरणार होती, आणि तिचे काही सामने नवी मुंबईत व्हायचे होते. त्या निमित्ताने राज्यातील दहा लक्ष मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा संकल्प महाराष्ट्र शासनाने सोडला. शहरांतील शाळांप्रमाणे खेड्यापाड्यांतील शाळांच्या अंगणांतही त्या दिवशी चेंडू उसळला. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता, अशा कित्येकांचा पाय त्या दिवशी प्रथमच फुटबॉलला लागला.

पण हा खेळ मुंबईत तरी कोठून आला? आणि परक्यांनी आणलेला हा खेळ मुंबईकरांनी आपलासा कसा केला? त्याची कथा एका मैदानाच्या आधारे सांगता येते. ते मैदान म्हणजे कूपरेज.

दक्षिण मुंबईत मंत्रालयापासून जवळच हे मैदान आहे. त्याचे नाव कानाला थोडे चमत्कारिक लागते. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिराला इंग्रजी भाषेत ‘कूपर’ म्हणतात. पूर्वी या भागात अशी पिंपे तयार होत असत. त्यावरून हे नाव पडले. पिंपे गेली, कारागीर गेले; परंतु नाव मात्र मागे राहिले आणि पुढे ते फुटबॉलशी कायमचे जोडले गेले.

फुटबॉल आपल्या देशात आणला तो इंग्रजांनी. त्यांच्या पलटणी ज्या ज्या शहरी तळ देऊन राहत, तेथे तेथे सायंकाळी गोरे शिपाई हा खेळ खेळत. मुंबईत १८९१ साली ‘रोव्हर्स चषक’ ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी वुस्टरशायर पलटणीच्या संघाने तो चषक जिंकला. त्यानंतर अनेक वर्षे हा चषक एका गोऱ्या पलटणीकडून दुसऱ्या गोऱ्या पलटणीकडे जात राहिला. मैदानात साहेब खेळत आणि दोरीपलीकडे उभे राहून एतद्देशीय लोक पाहत, असा तो काळ होता.

पण पाहता पाहता माणूस शिकतो. या खेळाला फार साहित्य लागत नाही. क्रिकेटला फळी, यष्टी आणि पायांना पॅड लागतात. फुटबॉलला एक चेंडू पुरतो आणि त्या एका चेंडूमागे बावीस जण धावू शकतात. गरिबाच्या मुलालाही तो खेळता येतो. त्यामुळे तो दोरीपलीकडे फार काळ अडून राहणे शक्यच नव्हते.

१९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने एका गोऱ्या पलटणीला हरवून तेथील मानाची ढाल जिंकली. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. ही वार्ता देशभर पसरली आणि लोकांच्या मनातील न्यूनगंड थोडा सैल झाला. १९२३ साली हाच संघ रोव्हर्स चषकासाठी मुंबईस आला व अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तेथे डरहॅम पलटणीने त्याचा चार विरुद्ध एक असा पराभव केला. पराभव झाला खरा. परंतु आपल्या माणसांना अंतिम सामन्यात खेळताना मुंबईने पाहिले होते, आणि जे एकदा डोळ्यांनी पाहिले ते अशक्य आहे असे कोणी म्हणू शकत नव्हते.

पुढे चौदा वर्षांनी ते घडले. १९३७ साली ‘बंगलोर मुस्लिम’ या संघाने रोव्हर्स चषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा आपल्याकडे राखला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघाने अंतिम सामन्यात त्याच बंगलोरच्या संघाला हरविले. त्या दिवशी मैदानावर दोन्ही बाजूंना भारतीयच होते. दोरीपलीकडचे लोक आता दोरीच्या आत आले होते.

स्वातंत्र्यानंतर कूपरेजला खरी बहर आली. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे हैद्राबाद पोलिसांच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे पुढे भारतीय संघाचेही थोर मार्गदर्शक ठरले. बाहेरगावचे संघ येऊन चषक नेत, तेव्हा मुंबईकरांच्या मनाला रुखरुख लागे. १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्स संघाने ती रुखरुख दूर केली. १९६५ साली मफतलाल संघानेही हा मान मिळविला.

या संघांच्या नावांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कॅल्टेक्स ही तेलाची कंपनी, तर मफतलाल हा कापडगिरण्यांचा उद्योग. मुंबई ही कामकऱ्यांची नगरी. येथील गिरण्या, कारखाने, रेल्वे आणि कचेऱ्या आपापले संघ बाळगीत. चांगल्या खेळाडूला तेथे नोकरी मिळे. दिवसा काम करावे आणि सायंकाळी सराव करावा, असा त्याचा दिनक्रम असे. खेळामुळे त्याच्या घरची चूल पेटे, आणि नोकरीमुळे त्याचा खेळ टिके.

अशा नोकरीच्या आशेने दूरदूरचे तरुण मुंबईस येत. गोमंतकातून तर पुष्कळच येत. गोव्यातील गावांनी मुंबईत आपापल्या गावकऱ्यांसाठी राहण्याच्या जागा केल्या होत्या. त्यांना ‘कूड’ म्हणत. धोबीतलाव आणि त्याच्या आसपास अशा अनेक कुडी होत्या. एका खोलीत अनेकांच्या पेट्या, भिंतीशी देवघर आणि निजण्यापुरती जागा, एवढाच तेथला संसार. पण नव्या मुलाला परक्या शहरात आपल्या गावची भाषा आणि आपल्या गावची माणसे तेथे भेटत.

याच गोमंतकातील आसगाव येथे १९३२ साली जन्मलेले नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आले. १९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने भरले होते. भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशीच पडली. १ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या त्या सामन्यात नेव्हिल डिसूझा यांनी एकट्याने तीन गोल केले आणि भारताने चार विरुद्ध दोन गोलांनी विजय मिळविला. ऑलिंपिकच्या एका फुटबॉल सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. पुढच्या सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांनीच केला. तो सामना भारताने गमावला व अखेरीस भारताला चौथे स्थान मिळाले. परंतु ऑलिंपिकमधील फुटबॉलमध्ये भारताने त्यापुढे आजवर मजल मारलेली नाही.

मात्र कोणतीही बहर सर्वकाळ टिकत नाही. १९८२ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. कचेऱ्यांनीही हळूहळू आपले संघ आवरते घेतले. संघ मोडले तशा खेळाडूंच्या नोकऱ्याही कमी झाल्या. शतकाहून अधिक काळ चाललेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा २०००-०१ च्या सुमारास थांबली. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. पण २०१० साली तोही विसर्जित करण्यात आला.

याहून मोठी अडचण होती ती जागेची. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान बहुधा १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर सपाट जमीन लागते. शेतकऱ्याच्या मुलाला पावणेदोन एकर म्हणजे किती, हे सांगावे लागत नाही. पण ज्या नगरीत हातभर जागेसाठी माणसे आयुष्यभर कष्टतात, तेथे एवढी जमीन केवळ खेळण्यासाठी मोकळी ठेवणे सोपे नसते. जेथे मैदान होते तेथे इमारती उभ्या राहिल्या. तरीही मुंबईच्या मुलांनी खेळ सोडला नाही. भिंतींनी वेढलेल्या लहानशा चौकात थोड्या थोड्या खेळाडूंनी खेळायची एक तऱ्हा त्यांनी उचलली. तिला तेथे ‘रिंक फुटबॉल’ म्हणतात. पावसाळा लागला, क्रिकेटची खेळपट्टी झाकली गेली, की आझाद मैदानासारख्या मोकळ्या जागांवर चिखलात माखलेली मुले चेंडूमागे धावताना दिसतात.

अलीकडच्या काळात या खेळाला पुन्हा पालवी फुटली आहे. २०१४ साली ‘मुंबई सिटी’ हा संघ स्थापन झाला. २०२१ आणि २०२४ या वर्षी त्याने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. २०१७ च्या जागतिक स्पर्धेतील स्पेन आणि माली यांचा उपान्त्य सामना नवी मुंबईत झाला. सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामनाही ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तेथेच रंगला व त्यात स्पेनने कोलंबियावर मात केली. एके काळी ज्या खेळात गोऱ्या शिपायांखेरीज कोणाला प्रवेश नव्हता, त्या खेळात आता मुलीही जगज्जेतेपदासाठी झुंजत आहेत.

परंतु भव्य क्रीडागार म्हणजे खेळ नव्हे. तेथे बावीस जण खेळतात आणि सहस्रावधी लोक पाहतात. खेळ वाढतो तो घराजवळच्या मोकळ्या जागेत, जेथे दाराशी कोणी तिकीट मागत नाही आणि ‘तू कोण?’ असे विचारीत नाही. कूपरेजची कथा हेच सांगते. दोरी होती तोवर खेळ परका होता. दोरी उठली आणि खेळ आपला झाला. मैदान हरवू लागले, तेव्हा खेळही कोमेजू लागला.

मुंबईपाशी संपत्ती आहे, प्रकाशझोत आहेत, नामांकित संघ आहेत. तिच्यापाशी मोकळी जमीन तेवढी नाही. नंदुरबार जिल्ह्यात नेमके उलट आहे. तापीकाठच्या सपाटीवर शहादे आणि तळोदे या भागांत गावोगाव मोकळी जागा सापडते. अक्राणीच्या डोंगरात सपाटी थोडी; तेथे उतारावर सुटलेला चेंडू थेट दरीत जाण्याची भीती. पण त्या उतारावर रोज चढ-उतार करणाऱ्या मुलांच्या पायांत जे बळ असते, ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. उणीव असते ती कोणी शिकविणाऱ्याची, आणि गावाने एक जागा मुलांसाठी राखून ठेवण्याची.

१५ सप्टेंबर २०१७ चा तो दिवस मावळला. पण ज्या गावाने शाळेजवळची जागा दुसऱ्या दिवशीही मोकळी ठेवली असेल, त्या गावात तो चेंडू अजून उसळत असेल. मैदान राखणे हे खेळाडू घडविण्याचे पहिले काम आहे, आणि ते काम कोणतेही लहान गाव करू शकते.

स्वाध्याय

१. ‘दोरीपलीकडचे लोक आता दोरीच्या आत आले होते,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

२. मुंबईतील गिरण्या व कचेऱ्या यांचा खेळाडूंना कोणता आधार होता? तो पुढे का तुटला?

३. मुंबईची मुले आणि नंदुरबार जिल्ह्यातील मुले यांपैकी प्रत्येकापाशी काय आहे आणि काय नाही?

४. तुमच्या गावातील मोकळ्या जागेची लांबी व रुंदी पावलांनी मोजा. ती जागा खेळासाठी राखून ठेवावी, अशी विनंती करणारे पत्र ग्रामपंचायतीच्या सरपंचांना लिहा.