जुन्या स्वरलिपींतील संदिग्ध चिन्हें

गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या गायनवर्गासाठीं भजनांच्या एका जुन्या वहीची नक्कल करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. गोंदियाच्या दमट हवेनें शाई पसरली होती, कसरीनें पानें कुरतडलीं होतीं. अक्षरें कशींबशीं लागलीं. अडलें तें टिंबांपाशीं.

स्वराच्या डोक्यावर टिंब असलें तर तो कोणत्या सप्तकांतला? पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतींत तें तार सप्तकाचें चिन्ह होय. मंद्राचें टिंब खालीं येतें. परंतु पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतींत डोक्यावरचें टिंब मंद्र सप्तक दाखवितें, आणि तार सप्तकास उभी रेघ असते. तीच उभी रेघ भातखंडे यांच्या लिपींत मध्यमावर आली कीं तो तीव्र होतो! तेव्हां ज्यांच्या घरीं अशी वही असेल त्यांनीं ती कोणत्या विष्णूची, हें आधीं ठरवावें. त्यासाठीं कोमल स्वर पाहावे. खालीं आडवी रेघ असल्यास भातखंडे, पाय मोडल्याची खूण असल्यास पलुसकर. आमच्या वहींत आडवी रेघ होती. मात्र पानें आंखलेलीं असल्यानें कित्येक शुद्ध गांधार छापील रेघेवर बसून कोमल भासत. खिडकीच्या उजेडांत दोन्ही रेघांचे रंग निराळे दिसले, तेव्हां उलगडा झाला.

कंसाचें प्रकरण याहून बिकट. स्वरांखालचा कंस म्हणजे तितके स्वर एका मात्रेंत. वरचा कंस म्हणजे मींड. दाटीनें लिहिलेल्या सरगमींत तो दोन ओळींच्या मधोमध लोंबतो. अशा वेळीं मात्रा मोजाव्या. त्रितालाच्या वरच्या ओळींत सोळा मात्रांस सतरा स्वर भरले, तर एका जोडीस खालचा कंस हवाच. सोळाच भरले, तर तो खालच्या ओळीची मींड समजावा.

इतकें जाणूनही एक फिकट कंस आम्हीं डाग समजून गाळला. मुलींनीं ती ओळ तशीच पाठ केली. पुढें वही लिहिणाऱ्या दिवंगत गुरुजींच्या वृद्ध भगिनी शाळेंत आल्या. ती ओळ गातांना त्यांचा आवाज पंचमावरून गांधारापर्यंत अखंड घसरत आला. आमच्या नकलेंत तेथें कांहींच नव्हतें.

आतां संशयित खूण जशी दिसते तशी आम्ही शिसपेन्सिलीनें उतरवितों. मुलींना मात्र ती सरळ ओळ विसरावयास पंधरा दिवस लागले.